पांढरी पाच

आमच्या कूलरचा षड्ज पांढरी पाच आहे.
किंचित चढी.
हे कळलं गेल्या चैत्रात, पेटी काढून बसलो तेव्हा,
दुपारी दोनला, जेव्हा अमळनेरातलं कुत्रंसुद्धा
गटारीच्या ओल्या कडेला पोट टेकून
भुंकणं संध्याकाळवर ढकलतं.

मी कूलर दुरुस्त करतो. ताट्या बदलतो, मोटारी भरतो.
लोक फोनवर म्हणतात, हवाच देत नाही हो.
मी म्हणतो, फोन जरा त्याच्याजवळ धरा.
ऐकू येतं सगळं.
बेअरिंग गेलंय, पंप कोरडा फिरतोय,
किंवा नुसतं व्होल्टेज पडलंय
आणि पंखा मध्यमावरून गंधारावर उतरलाय,
त्याला मी काय करणार.

पेटी शिकलो बँडवाल्या सुपडूकाकांकडे,
सव्वातीन महिने.
मग लग्नसराई लागली, काका वरातींच्या पुढे गेले
आणि माझा यमन स्थायीवरच राहिला.
तोच वाजवतो, भर दुपारी, चुकीच्या वेळेला.
मे महिन्यात योग्य वेळेची वाट बघत बसलं
तर या गावात काहीच होत नाही,
बिबड्या सोडून.
त्या सुलोचना वर गच्चीत घालते, जुन्या साडीवर,
कावळ्यांसाठी काठीला काळी पिशवी बांधून.
पिशवीही फडफडते. तिला सूर नाही.

लहानपणी सिनेमा म्हणजे गारवा होता.
पडद्याच्या दोन्ही अंगांना
गाडीच्या चाकाएवढे पंखे, मागे ओलं गवत.
आखाजीची पुरणपोळी आणि रस पोटात,
मध्यंतरापर्यंत मी कसाबसा जागा.
पुढचं सगळं झोपेत.
म्हणून मला एकाही सिनेमाचा शेवट माहीत नाही.
माझ्यापुरते सगळे भाऊ अजून जत्रेत हरवलेले आहेत,
सगळ्या आया शिवणयंत्रावर वाकलेल्या,
आणि खलनायक जिना उतरतोय,
गाऊन घालून, सावकाश, पस्तीस वर्षं.

परवा हिलालदादांकडे पंप बसवायला गेलो.
एकोणतीस वर्षं ऑपरेटर होते टॉकीजला.
म्हटलं, दादा, शेवटी काय व्हायचं हो?
त्यांनी बशीतला चहा फुंकला.
"शेवटलं रीळ लागनं का मी मांगलं गुंडाळत बसू रे भो.
सहाना खेळना पहिले व्हवाले पाह्यजे ना."
मग चहा संपल्यावर, आपणहून:
"लोके बाहेर निंघेत तवय चप्पला कश्या वाजेत,
त्यावरथीन समजी जाये."
मी पंपाचे पैसे घेतले नाहीत.
म्हणजे, पन्नास कमी घेतले.

पहाटे साडेपाचला बोरीच्या कोरड्या पात्रात टेनिस बॉल.
मी सत्तेचाळीसचा, म्हणून यष्टीमागे;
तिथं पळावं लागत नाही असं पोरांना वाटतं.
डबक्यात गेला तर दोन.
गाढवाला लागला तर परत टाकायचा.
बॅटच्या पोटात बसला की जो आवाज होतो
तो ऐकून मी मानसुद्धा वर करत नाही,
चेंडू पलीकडच्या बाभळीत गेलेला असतो.
सव्वासातला ऊन मानेवर बसतं
आणि खेळ जिथे असेल तिथे मोडतो.
रविवारी भटूचा पोरगा त्र्याण्णववर होता.
सोमवारी शून्यापासून,
तोंडात ब्रश घेऊनच आला होता.
मला त्या त्र्याण्णवचं अजून वाईट वाटतं. त्याला नाही.

आत्ता,
हे लिहिता लिहिता, लाइट गेली.
पंखा खाली खाली येत थांबला,
षड्ज गेला.
ताट्यांतून पाणी ठिबकतंय, बेताल, थोडा वेळ ठिबकेल.
शेजारच्या, त्याच्या शेजारच्या घरातून
एकेक सूर विझल्याचं ऐकू येतं,
आणि गल्लीत इतकं शांत होतं
की कुणाच्या तरी माठावरचं झाकण सरकलेलं कळतं.
वरून सुलोचना विचारते, गेली का?
मी उत्तर देत नाही.
बोट पांढऱ्या पाचवर तसंच आहे.
भात्यात अजून हवा आहे.